ठिगळं दिसू देत

आमच्या वहिनीला कुणी 'बिचारी' म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. नवरा लवकर गेला, पोर एकटीने वाढवलं, जन्मभर सुईत डोळे घातले, म्हणून बिचारी. अहो, तिच्याशी एकदा वाद घालून बघा, मग कळेल बिचारं कोण ते. मी तिची नणंद. एकाच घरात, एका भिंतीच्या अलीकडे मी आणि पलीकडे ती. नणंदेने भावजयीचं कौतुक करावं असा काही नियम नाही आणि मी ते कधी केलंही नव्हतं. पण त्या गाडीच्या प्रकरणानंतर मला गप्प बसवेना.

वहिनी रफू करते. शिवणकाम नाही, रफू. हा फरक कुणी विसरलं की ती सुई खाली ठेवते, आधी तो समजावते आणि मगच पुढचं बोलते. कोट, शाली, लोकरीच्या विजारी, कुठे सिगारेटने जळलेलं, कुठे कसरीने खाल्लेलं. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढायचे आणि भोकावर एकेक करत उभे-आडवे विणत जायचे. काम झालं की ती कपडा खिडकीशी उजेडात धरते, मग डोळे मिटते आणि बोटांची मागची बाजू त्यावरून फिरवते. काही लागलं तर सगळं उसवते. नाही लागलं तर घडी घालते. तिचं म्हणणं, डोळा फसतो, हात फसत नाही. हे तिचं म्हणणं जरा लक्षात ठेवा, पुढे त्यानेच घात केला.

या धंद्याची तऱ्हाच निराळी. शिंप्याचं नाव होतं, रफूवालीचं होत नाही. तिचं नाव घ्यायचं तर आपला कोट फाटला होता हे कबूल करावं लागतं ना. शहरातल्या मोठ्या बंगल्यावरच्या बाईंचे कपडे वर्षानुवर्षं वहिनीकडे यायचे, पण बाई आमच्या दारात कधी आल्या नाहीत. त्यांची गोल दिव्यांची हिरवी गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबायची, बाई आत मागे बसलेल्या, ड्रायव्हर काच खाली करायचा आणि गाठोडं बाहेर यायचं. वहिनीने ते उभ्याउभ्या घ्यायचं, उभ्याउभ्या परत द्यायचं. बंगल्यावर यायचं नाही आणि कुणाला सांगायचं नाही, अशी वर ताकीद. एकदा भर उन्हात ती त्या गाडीला जरा टेकली, तर ड्रायव्हर म्हणाला, हात काढा, पॉलिश जातं. त्या दिवशी घरी येऊन तिने पाणीसुद्धा न पिता सांगितलं, की वन्सं, मी एक दिवस असल्या गाडीत बसून येईन, आणि चालवेनही मीच. मी म्हटलं, हो, आणि मी विमान चालवेन. मला वाटलं ती हसेल, पण ती हसली नाही.

माझा दादा लॉन्ड्रीची व्हॅन चालवायचा. सुट्टीच्या दिवशी मोकळ्या मैदानावर नेऊन त्याने तिला गाडी शिकवली होती. तो गेला, व्हॅन मालकाकडे परत गेली, पण लायसन वहिनीने वेळच्या वेळी नवं करून घेतलं. कशाला, असं विचारलं की म्हणायची, असू दे. मग साठी उलटली, बँकेत साठवलेलं सगळं तिने एक दिवस काढलं आणि गोल दिव्यांची, तशीच हिरवी, जुनीपुराणी गाडी बघायला मला बरोबर घेऊन निघाली. भाचा, म्हणजे तिचा मुलगा, कामाला गेला होता. त्याला मुद्दामच सांगितलं नव्हतं.

गाडी विकणारा जुन्या गाड्यांचा व्यापारी होता. त्याला आम्ही दोघी 'अत्तर' म्हणतो, कारण माणूस दिसायच्या आधी त्याचा वास येतो. गाडी नुसती चकाकत होती. अत्तर इंजिनाबद्दल बोलत राहिला, वहिनीने त्याचं काही ऐकलं नाही. तिने डोळे मिटले आणि बोटांची मागची बाजू पत्र्याला लावून गाडीभोवती सावकाश एक फेरी मारली. दारं, दारांखालचा भाग, चाकांवरचे गोलावे, सगळं. अत्तर माझ्याकडे बघायला लागला, मी दुसरीकडे बघायला लागले. फेरी संपल्यावर ती माझ्या कानात म्हणाली, की कुठेही गाठ लागत नाही, फार चांगल्या हाताने सांभाळलीय. आणि घेतली. कागदपत्रं देता देता अत्तर बोलून गेला, की जुन्या गाडीची एक सरकारी तपासणी तेवढी बाकी आहे, किरकोळ काम आहे.

घरी आणली तेव्हा मीच मागच्या सीटवरून उतरून हौसेने पुढे बसायला गेले. पाय आत ठेवला, भार दिला, आणि माझा पाय गाडीतून आरपार गेला. चप्पल खाली रस्त्यावर, मी वर, आणि मधे गुडघ्याभोवती गालिच्याच्या चिंध्या. मी जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. वहिनीने आधी मला बाहेर ओढलं, मग वाकून भोकात बघितलं, आणि मग खाली जमिनीवर बसली. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात तो हाच. गालिच्याखाली गाडीचा तळ नव्हताच. एका जुन्या डब्याचा पत्रा कापून ठोकला होता. त्यावर छापलेली गुलाबाची फुलं अजून दिसत होती.

दुसऱ्या दिवशी ठोकमास्तरला बोलावलं. हा आमच्या रस्त्यावरचा पत्राकाम करणारा, पोचे आलेल्या गाड्या सरळ करून देतो. त्याने गाडी जॅकवर चढवली, खाली सरकला, स्क्रूड्रायव्हरने दोन-चार ठिकाणी टोचलं. बाहेर आल्यावर म्हणाला, काकू, दारांखालून जी लांब लोखंडी पेटी जाते ना, तिच्यावर अख्खी गाडी उभी असते. ती दोन्हीकडून गंजून गेलीय. आत गोणपाट कोंबलंय, वर बोटभर पुट्टी, वर रंग. एखाद्या खड्ड्यात गेली तर मधून मोडेल. वहिनी म्हणाली, पण मी हात फिरवून बघितलं होतं. तो म्हणाला, हाताला कसं लागणार काकू, पुट्टी घासून घासून तर गुळगुळीत करतात. लोहचुंबक लावायचं, पुट्टीवर ते चिकटत नाही.

आता ऐका. वहिनीच्या पिशवीत लोहचुंबक कायम असतं. सुया सांडल्या की गोळा करायला. त्या दिवशी अत्तरच्या आवारातही ते तिच्या खांद्याला लटकत होतं. कपडा तपासायची सवय, त्यात गाडी तपासली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, तिने हात फिरवून ओढवून घेतलं. मी हे तिला तोंडावर सांगितलं, मागून बोलायची मला सवय नाही. तिने पिशवीतून चुंबक काढलं, शिंप्याचा खडू काढला आणि पुन्हा गाडीभोवती निघाली, या वेळी डोळे उघडे ठेवून. जिथे चुंबक गळून पडे तिथे खडूची रेघ. फेरी संपली तेव्हा हिरव्या गाडीवर इतक्या रेघा होत्या, की कापायला काढलेल्या कापडासारखी दिसत होती.

तिचा राग मला तेव्हा कळला. पैसे बुडाल्याचा तो नव्हताच. ती म्हणाली, "वन्सं, मला रफूने फसवलं. जन्मभर जे मी केलं, त्यानेच."

संध्याकाळी भाचा आला आणि घरात तोफा सुरू झाल्या. तो वाईट नाही, पण आईची काळजी तो ओरडून करतो. आधी त्याने अत्तरला फोन लावला. अत्तरने गोड आवाजात सांगितलं, की बाईंनी स्वतः सगळीकडून हात फिरवून पसंत केली, आता तक्रार कसली, आणि तसा कागदही आहे सही केलेला. मग भाच्याने तपासणीचं काय ते शोधून काढलं. ती काही किरकोळ नव्हती. सांगाडा कुजका निघाला तर कागद रद्द, आणि गाडी सरळ भंगारात. म्हणजे वहिनीचा साठवलेला सगळा जन्म लोखंडाच्या भावाने जाणार. भाच्याचा एक ओळखीचा होता, त्याला लग्नासमारंभांना भाड्याने द्यायला असल्या गाड्या हव्या असत. तो तपासणीचं 'बघून घेतो' म्हणाला होता. आपण फक्त भोक बुजवायचं, पुट्टी ओढायची, रंग मारायचा आणि गाडी त्याच्या गळ्यात घालायची. आलं तसं जाऊ दे आई, असं भाच्याचं म्हणणं.

वहिनीने विचारलं, मग त्या गाडीत कोण बसणार? तो म्हणाला, कुणीतरी. ती म्हणाली, त्या कुणाचे तरी पाय जातील, नाहीतर मान जाईल. अत्तरने माझं केलं तेच मी दुसऱ्याचं करू? भाचा म्हणाला, सगळे हेच करतात. मी पण म्हटलं, वहिनी, पदरी पडलं ते पवित्र झालं म्हणून सोडून दे. तर ती माझ्यावरच उखडली. पदरी पडलेलं पवित्र होत नाही वन्सं, ते धुवावं लागतं, असं म्हणाली आणि जाऊन झोपली. सकाळी उठून ठोकमास्तरला सांगून आली, की कापायला घे.

ठोकमास्तरचा आणि तिचा वाद मी अंगणाच्या भिंतीवर बसून रोज ऐकत होते. माझा पाय अजून निळा होता, दुसरं काम नव्हतं. त्याचं म्हणणं, वरवरचं कुजकं काढू, वर नवा पत्रा चढवू, संपलं. तिचं म्हणणं, विरलेल्या कापडात टाका घातला तर टाका टिकतो आणि त्याच्या शेजारचं फाटतं. निरोगी लागेपर्यंत मागे जायचं. तो म्हणाला, काकू, असं मागे मागे गेलो तर गाडीच उरणार नाही. ती म्हणाली, "उरेल तेवढी माझी."

एका गोष्टीत मात्र तो जिंकला. ती लगेच कापायला सांगत होती, तो हात जोडून म्हणाला, आधी दारांच्या मोकळ्या जागेत आडव्या-तिरप्या सळया जोडू द्या, नाहीतर पेटी काढली की गाडी मधून बसेल आणि दारं जन्मात लागणार नाहीत. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, कच्चा टाका, असंच ना, आधी सांगायचं की मग. त्या दिवसापासून दोघांचं जमलं. ती पुठ्ठ्याचे नमुने कापून द्यायची, प्रत्येक भोकाचं माप घेऊन, कडेला दुमडायला जागा सोडून. तो त्यावरून लोखंडाची पट्टी कापायचा. माझा पाय आरपार गेला होता तिथेही गुलाबांच्या जागी अशीच पट्टी बसली. आतून गोणपाट निघालं ते तिने निरखून बघितलं आणि विणीला नावं ठेवली.

त्याच दिवसांत बंगल्यावरून एक काळा कोट आला. आता गाडी यायची नाही, स्कूटरवरून कुणीतरी माणूस यायचा, पण थांबायचा अजूनही गल्लीच्या तोंडाशीच. ताकीदही जुनीच. वहिनी सकाळी कोटाचं भोक नाहीसं करायची आणि दुपारी गाडीची भोकं मोठी करायची. मी म्हटलं, एका हाताने झाकतेस, एका हाताने उघडं करतेस. ती म्हणाली, कोट फाटला म्हणून कुणी मरत नाही.

खरा तंटा शेवटी झाला. पट्ट्या जोडून झाल्या, लोखंड भक्कम झालं. ठोकमास्तर म्हणाला, आता जोड घासून सपाट करतो, पातळ पुट्टी मारतो, हिरवा रंग, बघणाऱ्याच्या बापाला कळणार नाही. वहिनी म्हणाली, काही नको. गंज धरू नये म्हणून तांबडा रंग मार आणि तसंच ठेव. हिरव्या गाडीवर विटेच्या रंगाचे पट्टे! ठोकमास्तरला हा आपल्या हाताचा अपमान वाटला. भाचा तर हातापाया पडायचाच बाकी होता. आई, तपासणीवाला लांबूनच बघेल, कुजकी गाडी म्हणेल आणि शिक्का मारेल. एवढं केलंस ना, मग एक हात रंगाने काय बिघडतं? ठोकमास्तरनेही मान डोलावली. म्हणाला, काकू, दिसलं की शंका येते, हा धंद्याचा नियम आहे.

"झाकलेल्याचा विश्वास मी एकदा धरला," वहिनी म्हणाली. "आता जे आहे ते दिसू दे. भंगारात गेली तर खरी होऊन जाईल."

मी त्या रात्री मनात तिला शंभर शिव्या घातल्या. साठी उलटलेली बाई, हातात दमडी नाही, आणि हट्ट बघा.

तपासणीच्या आवारात गाड्या रांगेने खड्ड्यावर घेत होते. आमच्या पुढे एक काळी जुनी गाडी होती, आरशासारखी. तपासनीस खड्ड्यातून टोच्याने खालून टोचत होता, आणि त्या आरशातून पुट्टीची ढेकळं पडत होती. मालक वरून 'अरे अरे' करत होता. ती गाडी बाजूला लावली. मग आमची. भाच्याचा चेहरा पांढरा पडला होता. तपासनीस वर आला, तांबड्या पट्ट्यांकडे बघत राहिला आणि म्हणाला, हे काय आहे?

"ठिगळं," वहिनी म्हणाली.

"रंगवली का नाहीत?"

"तुम्हाला शोधायला लागू नयेत म्हणून."

तो हसला नाही. खाली उतरला आणि हातोडीने एकेक पट्टी वाजवत गेला. प्रत्येक ठोक्याला मी डोळे मिटत होते. पट्ट्या सगळ्या खणखणल्या. पण मागच्या चाकाजवळ, जिथे पट्टी नव्हती, तिथे त्याचा टोचा सहज आत गेला. तिथे पुट्टी नव्हती, पत्राच होता, चुंबक चिकटलं होतं, पण आतून पापुद्रा झाला होता. तपासनीस म्हणाला, एवढं राहिलं, करून आणा, मग बघू. भाचा कपाळाला हात लावून बसला. म्हणाला, संपलं. वहिनी मात्र वाकून ती जागा बघत होती आणि चक्क खूश दिसत होती. खडूने गोल काढला, तपासनीसाला विचारलं, की अजून कुठे शंका असेल तर आत्ताच टोचून घ्या. त्याने खरंच आणखी दोन ठिकाणी टोचून दाखवलं. असं सांगणारं गिऱ्हाईक त्याला बहुधा आधी मिळालं नसावं.

ठोकमास्तरने त्या कोपऱ्यावर पट्टी चढवली, तांबडा रंग लावला. पुन्हा गेलो. तोच तपासनीस, तीच हातोडी. या वेळी त्याने सगळं वाजवलं, टोचलं, बाहेर येऊन हात पुसले आणि कागदावर सही केली. म्हणाला, बाई, रंगवून आणली असतीत तर मी अख्खी फोडून बघितली असती. भाचा आवाराच्या कडेला जाऊन उभा राहिला. रडत होता गाढव, आणि धूळ गेली म्हणत होता. मग तिथूनच कामाला निघून गेला.

मला वाटलं, आता घरी. मी मागच्या सीटवर अंग चोरून बसले होते. पुढे बसायचं नाही, असा मी पाय आरपार गेला त्या दिवसापासून कानाला खडा लावला होता. वहिनीने गाडी घराकडे न वळवता मोठ्या रस्त्याला घातली. शेजारच्या सीटवर बंगल्यावरच्या त्या काळ्या कोटाची पिशवी ठेवलेली दिसली, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी म्हटलं, वहिनी, नको गं. तिने हॉर्न वाजवून मला उत्तर दिलं.

बंगल्याचं मोठं फाटक उघडंच होतं. अंगणात खुर्च्या टाकून चार-सहा पाहुणे चहा पीत होते, मधे बाई. आता त्याही पिकल्या होत्या, हातात काठी होती. वहिनीने गाडी थेट पायऱ्यांशी नेऊन उभी केली. बाईंचे डोळे आधी गाडीवर गेले आणि चेहरा एकदम मऊ झाला. आमच्याकडे अगदी अशीच होती, असं त्या पाहुण्यांना सांगायला लागल्या. मग आतून कोण उतरतंय ते दिसलं. त्या काठी टेकत लगबगीने पुढे आल्या आणि हळूच म्हणाल्या, तुम्ही इकडून कशाला, यायचंच तर मागच्या दाराला यायचं ना.

"गाडी मागच्या दारात मावत नाही," वहिनी म्हणाली.

पाहुणे हसले, त्यांना ती नुसती गंमत वाटली. वहिनीने कोटाची पिशवी बाईंच्या हातात दिली, तोंड बांधलेली, आत काय ते कुणाला दिसू नये अशी. धंद्याला ती जागते, ते मी नाकारणार नाही. बाईंनी पिशवी चटकन पाठीमागे धरली. काहीतरी बोलायला हवं म्हणून की काय, गाडीच्या दारांखाली काठीचं टोक दाखवून त्या जरा मोठ्याने म्हणाल्या, की एवढी छान गाडी, पण हे तांबडे जोड फार दिसतात, झाकून का नाही घेत?

वहिनीने हात लांब केला आणि गाडीच्या दारावर टेकवला. सगळा पंजा, आणि त्यावर अंगाचा भार. असा कितीतरी वेळ ठेवला.

"दुसऱ्यांची झाकते ना मी," ती हळू म्हणाली. ते फक्त बाईंना आणि मला ऐकू गेलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझी दिसू देत."

बाईंनी मान खाली घातली. नंतर स्वतःच बाजूला होऊन वाट दिली.

वहिनी गाडीत बसली, इंजिन चालू केलं आणि शेजारचं दार आतून ढकललं. मग मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी मागून उतरले, पुढे आले आणि पाय उचलला. भीती वाटली, खोटं कशाला सांगू. त्या तांबड्या पट्टीवर पाय ठेवला आणि सगळा भार दिला. पट्टी वाजली, पण हलली नाही. मी पुढे बसले.